डाव्या टाचेचा ठसा

ती गेली त्या दिवशी मी गंगेपलीकडे श्रीरामपूरला छपाईचे खिळे पाहायला गेलो होतो. तिथे एक जुनी ओतशाळा आहे, अजूनही चांगले बंगाली खिळे पाडते. परत आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. हरितकी बागानच्या आमच्या गल्लीत वळलो तर जिन्याखाली बायकांचे बूट दिसले. चौदा जोड. पट्ट्याचे, बटणांचे, एक तर मखमली. बूट घालणाऱ्या बायका आमच्याकडे वर्षातून एकदा यायच्या, शाळेच्या बक्षीससमारंभात मधल्या खुर्चीवर कोण बसणार ते ठरवायला, आणि तेव्हाही तिघी-चौघीच यायच्या. चौदा जोड पाहिले आणि मला कळलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. वर गेलो. ती खाटेवर होती. शाळेत तिसऱ्या वर्गाला भूगोल शिकवता शिकवता खुर्चीतच मान टाकली, डॉक्टर पोचायच्या आत सगळं आटोपलं, समितीच्या मोटारीतून घरी आणली, हे सगळं नंतर ऐकलं. तिच्या चेहऱ्याकडेही माझं लक्ष नंतर गेलं. आधी दिसले ते पाय, कारण खाट दाराकडे पाय करून ठेवली होती. पाय लाल होते. घोट्याखालून कडेकडेने जाड पट्टा ओढलेला, तळवे भरलेले, बोटांमधल्या फटींतसुद्धा अळता, आणि तो अजून ओला होता. भांगात शेंदूर. एकतीस वर्षांच्या संसारात मी या बाईच्या पायाला अळता पाहिला नव्हता. मला वाटलं हे कुणा दुसरीचं प्रेत आहे आणि मी चुकून शेजारच्या घरात शिरलोय. ते इतकं खरं वाटलं की मी जिन्याकडे वळलोसुद्धा.

"या निवारणबाबू," मिसेस पालित म्हणाल्या. "बघा कशी लक्ष्मीसारखी दिसतेय. भाग्यवान हो. भरल्या कपाळाने गेली."

मिसेस पालित म्हणजे बॅरिस्टर पालितांच्या पत्नी, नारी हितसाधिनी समितीच्या अध्यक्षा. विधवांनी निर्जळी सोडून एकादशीला पाणी प्यावं असा ठराव त्यांनी भर सभेत इंग्रजीत मांडला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. भाषण माझ्या बायकोने लिहून दिलं होतं, ते त्यांनी इंग्रजीत करून घेतलं होतं. त्याच तोंडाने त्या आता, नवऱ्याआधी मेली म्हणून भाग्यवान, असं म्हणत होत्या आणि बाकीच्या तेरा माना हलत होत्या. क्षांतमणी देवी, जिच्या सहा पुस्तकांमध्ये बाईचं भाग्य नवऱ्याच्या नाडीला बांधू नका याखेरीज दुसरं काही नाही, ती मधोमध पडली होती, रंगवून ठेवलेली. आमच्या टेबलावर दोन कागद वाळत होते. उडू नयेत म्हणून एकावर तिची दौत ठेवली होती आणि दुसऱ्यावर तिच्या चष्म्याचं घर. दोन्ही कागदांवर तिच्या पावलांचे, अळत्याने उमटवलेले ठसे. "एक समितीला, एक तुम्हाला," मिसेस पालित म्हणाल्या, जसा काही प्रसाद वाटत होत्या. कागद माझेच होते, प्रुफं काढायला मीच कापून तिच्या खणात ठेवलेले. दारात पांचूची आई उभी होती, आमच्याकडे वीस वर्षं राबलेली बाई. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि खांद्यावर ओलं फडकं. तिने मला काहीतरी विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं. ते पुढे येईल.

मी लेखक नाही. मी कर्मकार, लोहाराच्या जातीचा, धंद्याने जुळारी. केसमधून, म्हणजे कप्प्यांच्या पेटीतून, खिळे उचलायचे, स्टिकच्या पट्टीवर उलटे लावायचे, ओळ घट्ट करायची, हे काम मी वयाच्या बाराव्या वर्षापासून करतो. माणसं वाचून शिकतात, मी जुळवून शिकलो. हजारो पानं माझ्या बोटांखालून गेली, देवांची स्तोत्रं, वैद्यकाची पुस्तकं, पळून जाणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्या, आणि त्यातलं फारसं काही डोक्यात राहिलं नाही. तिचं राहिलं. तेव्हा मी बटतल्यातल्या एका छापखान्यात नोकरीला होतो. तिच्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित आलं त्यावर तिच्या भावाचं नाव होतं. तिसऱ्या पानावर मला कळलं की हे बाईने लिहिलंय, कारण त्यात एकादशीच्या दिवशी भांड्यांवरून टपकणाऱ्या पाण्याचा आवाज होता, आणि तो आवाज कुठल्या पुरुषाला ऐकू येतो. प्रूफ तपासायला ती स्वतः आली, दारं लावलेल्या घोडागाडीतून. पांढरं लुगडं, सत्तावीस वर्षांची, वयाच्या नवव्या वर्षापासून विधवा. खुर्चीत न बसता ती सरळ माझ्या केसपाशी आली.

"हे तुम्ही जुळवलंत?"

"हो."

"सतराव्या पानावर माझं वाक्य तुम्ही तोडलंत."

"ओळीत बसत नव्हतं."

"मग ओळ मोठी करायची."

"ओळ मोठी होत नाही, बाई. कागद तेवढाच असतो."

"मग कागद मोठा घ्या," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. मी ते पान पुन्हा जुळवलं. मालक म्हणाले, एका विधवेसाठी एवढं काय, कर्मकार. दोन वर्षांनी आम्ही रजिस्ट्रारच्या कचेरीत लग्न केलं. तिच्या भावांनी गवताचं बाहुलं करून तिला अग्नी दिला, श्राद्ध घातलं, तिच्या नावाने लोकांना जेवायला वाढलं. म्हणजे ती एकदा आधीच मेली होती. त्या भावांपैकी जो उरला आहे त्याने या खेपेला निमतल्याच्या स्मशानघाटावर रजनीगंधाचा हार पाठवला. बाहुल्याला हार घातला होता की नाही मला माहीत नाही.

लग्नानंतरही ती मला निवारणबाबूच म्हणायची आणि मी तिला तुम्हीच म्हणत आलो. लोकांना वाटायचं, लोहाराचा पोर, घाबरतो बामणाच्या लेकीला. तसं काही नव्हतं. आमची ओळख छापखान्यात झाली, तिथली बोलायची पद्धत आम्ही घरी आणली, एवढंच. शंखाच्या बांगड्या, लोखंडाचं कडं, शेंदूर, अळता, यातलं तिने काहीही घातलं नाही. नवरा मेल्यावर जे हिसकावून घेतात ते तो जिवंत असतानाही मला नको, असं तिने छापून सांगितलं होतं. मीच जुळवलं होतं ते वाक्य, पहिल्या लेखसंग्रहात, बेचाळिसाव्या पानावर. या चौदा बायकांपैकी निदान दहा जणींकडे तो संग्रह आहे. काचेच्या कपाटात आहे, मी पाहिला आहे. नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असतात, ती सुरीने कापून उघडावी लागतात. मिसेस पालितांच्या कपाटातल्या प्रतीची पानं कापलेली नव्हती.

पण अळत्याचं कारण त्या वाक्यात नव्हतं. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी ती गच्चीवर उन्हात पाय पसरून बसली होती, मोहरीचं तेल चोळत. डाव्या टाचेच्या तळाशी, बाहेरच्या कडेला मला एक खळगा दिसला. चवलीच्या नाण्याएवढा, गुळगुळीत, जसं कुणी चमच्याने मांस काढून घेतलं असावं. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "वजरी." मग तेल चोळत चोळतच तिने सांगितलं. त्या दिवशी घरात कसलंसं व्रत होतं, सकाळीच न्हावीण येऊन सगळ्या सवाष्णींना अळता लावून गेली होती, हिलाही, नऊ वर्षांच्या पोरीला. दुपारी निरोप आला की नवरा गेला. नवऱ्याला तिने तीनदा पाहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा त्याचा चेहरा वर्तमानपत्रामागे होता. आत्या तिला तळ्यावर घेऊन गेली. बांगड्या फोडल्या, शेंदूर पुसला, ते झटपट झालं. अळता मात्र जाईना. ताजा होता, कातडीत मुरला होता, तो चार दिवसांशिवाय कुणाचाच जात नाही. आत्याने टाचा घासायची वजरी घेतली आणि घासायला लागली. "रंग निघत होता," ती म्हणाली, "आणि मग जे लाल निघत होतं ते रंगाचं की कशाचं हे आत्याला कळेना. म्हणून ती घासतच राहिली." टाच पिकली, दोन महिने पाऊल टेकवता आलं नाही, खळगा राहिला तो राहिला. सांगताना तिच्या आवाजात काही बदल झाला नाही. बाटलीला बूच लावताना म्हणाली, "माझ्या पायावर पुन्हा कुणी अळता लावला तर तो तुम्ही पुसायचा, निवारणबाबू. ते तुमच्याकडे."

"आणि मी आधी गेलो तर?"

"मग काळजीच मिटली. मग कुणी लावायला येणार नाही."

आम्ही दोघंही हसलो होतो. आज मला त्या हसण्याचीही चीड येते.

हे लिहा, असं मी तिला वर्षानुवर्षं सांगत होतो. ती म्हणायची, बाकीच्यांचं लिहून होऊ दे. बाकीच्यांचं कधी संपतच नाही. शाळेत रोज कुणीतरी नवी यायची, चेहऱ्यावर वळ घेऊन, नाहीतर पदराआड सहावं पोर घेऊन. अखेर गेल्या हिवाळ्यात, वयाची साठी आली असताना, तिने ते लिहिलं. बारा पानं. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "सावकाश जुळवा. घाई नाही." माझ्या केसमधले खिळे तेव्हा झिजले होते, अक्षरांच्या कडा फुटल्या होत्या. तिची ही बारा पानं मला फुटक्या खिळ्यांनी जुळवायची नव्हती. म्हणून मी थांबलो, चार महिने थांबलो, आणि नवे खिळे पाहायला ज्या दिवशी गेलो नेमका तो दिवस निघाला. दोन तास आधी आलो असतो तर त्या बायकांना मी जिन्यावर अडवलं असतं, असं मी सुरुवातीचे काही दिवस स्वतःला सांगत होतो. आता सांगत नाही.

पंधरा दिवसांनी प्राध्यापक गुह आले. ज्योतिषचंद्र गुह, कॉलेजात बंगाली शिकवतात, समिती काढत असलेल्या तिच्या स्मारकग्रंथाचे संपादक. त्यांचे वडील आमच्या लग्नाच्या वेळी म्हणाले होते की लोहाराच्या घरचं पाणी प्यायची पाळी माझ्यावर येऊ नये. मुलगा चहा प्यायला, दोन संदेश खाल्ले, तिसऱ्याला नको नको म्हणत तोही खाल्ला. सुधारणा झाली म्हणायची. गळ्यातली शाल दोनदा सावरून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. पहिल्या पानाच्या चित्राचा नमुना होता. तिची दोन पावलं, लाल शाईत, आणि खाली छापलेलं, चिरसौभाग्यवतीचे चरणचिन्ह. मी ते वाचलं. उलटी अक्षरं वाचणाऱ्याला सुलटी वाचायला वेळ लागत नाही, पण मला लागला.

"अडचण अशी आहे," गुह म्हणाले, "की डाव्या टाचेचा ठसा नीट उठलेला नाही. ही बघा, मोकळी जागा राहिलीय. तुमच्याकडची प्रत जरा बघू."

मी कपाटातून कागद काढून दिला. त्यांनी दोन्ही शेजारी धरले, खिडकीकडे नेले.

"हात्, यातही तेच. घाईघाईत झालं असणार. बायकांना काय, टेकवला पाय आणि उचलला."

"घाईत नाही झालेलं. तिथे खळगा होता. कागदाला लागणार कसा?"

"असं होय. काही हरकत नाही. ब्लॉकवाला म्हणतोय, चित्रात ती जागा तो भरून देईल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी म्हणालो, थांबा. खणातून ती बारा पानं आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. गुह वाचायला बसले. मी समोर उभा होतो, मालकाने प्रूफ वाचताना जुळाऱ्याने उभं राहावं तसा. वाचताना त्यांचा ओठ दोनदा दाताखाली गेला. माणूस अगदीच दगड नाही. म्हणून तर मला त्याची जास्त किळस आली, कारण त्याला कळत होतं. शेवटचं पान खाली ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"लेख ताकदीचा आहे, निवारणबाबू. वादच नाही. पण स्मारकग्रंथाला एक प्रसंगाचं भान असतं. लोक श्रद्धेने उघडणार. पहिल्या पानावर पाऊल, आणि आत हे?"

"म्हणूनच तर."

"मग लोकांना त्या पावलाकडे बघवणार नाही."

"नाहीच बघवणार."

"तुम्ही शब्दात पकडताय. हे बघा, त्यांच्या माहेरची मंडळी आता समितीत आहेत. त्या आत्याचे नातू आहेत. त्यांना बोलावून त्यांच्याच आजीचा असा उद्धार करायचा? आणि शेवटी, क्षांतमणी देवींचं मोठेपण असल्या एका वजरीवर थोडंच उभं आहे. त्यांचं कार्य केवढं."

"तुम्ही त्यांचं काय काय वाचलंय?" मी विचारलं.

"मी? अहो, मी त्यांच्यावर प्रस्तावना लिहिलीय. चोवीस पानांची."

"ती वाचली मी. माझ्याबद्दल एक ओळ आहे. मुद्रणव्यवसायाशी संबंधित एक सरळमार्गी गृहस्थ."

"त्यात वाईट काय आहे?"

"काही नाही. गृहस्थ आवडला मला. कधी भेटला तर सांगेन त्याला."

गुह हसले नाहीत. कागद पिशवीत घालता घालता, शाल पुन्हा एकदा सावरत, त्यांनी मला विचारलं. आवाज हलका केला होता, आणि डोळे माझ्यावरून काढले नव्हते. "एक विचारू का? राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा अळता ओला होता, असं मिसेस पालित म्हणत होत्या. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होतं. तुम्ही तेव्हा एका शब्दाने हरकत घेतली नाहीत. मग आता हा त्रागा कशासाठी?" जिन्यावरून त्यांचे बूट खाली जाताना ऐकत राहिलो. मूर्ख माणूस, चोवीस पानांत एक जागा अशी नाही की जिथे त्याने बोट बरोबर ठेवलंय, आणि जाता जाता नेमकं ठेवून गेला.

पांचूच्या आईने मला विचारलं होतं, "बाबू, दीदीचे पाय पुसू? ओला आहे अजून, निघेल." तिला अळत्याचं माहीत होतं. वीस वर्षं तिनेच दीदीच्या टाचेला हिवाळ्यात तेल लावलं होतं. तांब्या भरून आणून ती उभी होती, फक्त मी हो म्हणायचा अवकाश होता. मी म्हणालो, राहू दे. आवाज चढवून नाही, घाबरूनही नाही. साधं म्हणालो, राहू दे.

का म्हणालो, हे मी त्यानंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. पहिल्यांदा मला सोयीची उत्तरं सुचली. धक्का बसला होता. चौदा बायकांसमोर तमाशा नको होता. गरिबाला मोठ्या लोकांपुढे तोंड उघडायची सवय नसते. यातलं एकही खरं नाही. मी मालकांपुढे तोंड उघडलेला माणूस आहे, तिच्या भावांपुढे उघडलं, रजिस्ट्रारपुढे उघडलं. खरं असं आहे की मला बरं वाटलं. एकतीस वर्षं तिच्या नावाने पत्रं यायची ती पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने, श्रीमती घोषाल. सभेची आमंत्रणं एकट्या तिला. मी गेलोच तर दरवाज्यापाशी बसायचो, जिथे बूट काढून ठेवतात, आणि लोक माझ्याकडे बघून विचारायचे, पत्रकं आणलीत का. मिसेस पालित सत्तावीस वर्षं मला ओळखत होत्या आणि त्यांनी एकदाही मला तिचा नवरा म्हटलं नव्हतं, प्रेसवाले निवारणबाबू म्हणायच्या. त्यांच्या लेखी ती एका मेलेल्या पोराची विधवा होती, आणि मी तिने केलेली एक धाडसी गोष्ट होतो, शाळेसारखी, मासिकासारखी. त्या दुपारी दारात उभा राहून मी ते लाल पाय पाहिले आणि पहिल्या भीतीनंतर मला उमजलं की या बायकांनी इथे काय लिहिलंय. सवाष्ण. म्हणजे नवरा जिवंत असलेली. म्हणजे नवरा आहे. तो नवरा मी. माझ्याच कागदावर, दोन प्रतींत, बूटवाल्या चौदा बायकांनी मला नवरा करून टाकलं होतं. आणि मी, जिने मला एक काम सांगितलं होतं तिच्या पायाशी उभा राहून, त्यावर खूश झालो. किती वेळ ते मला सांगता येत नाही. पाणी घेऊन उभ्या असलेल्या बाईला परत पाठवण्याइतका वेळ. मग अळता वाळला, लोक आले, तिला उचललं. निमतल्याच्या वाटेवर तिची पावलं तिरडीबाहेर माझ्या तोंडासमोर हलत होती आणि दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरून बायका हात जोडत होत्या, पुण्यवान गं बाई पुण्यवान. मी मान ताठ ठेवून चालत होतो. मला आठवतं आहे, मी मान ताठ ठेवली होती.

मिसेस पालितांना मी नावं ठेवतो. त्यांना निदान कळत नव्हतं. आत्याला मी मनात शिव्या देत आलो, तिलाही कुणीतरी तसंच घासलं असणार. या सगळ्यांत ज्याला सगळं माहीत होतं असा माणूस एकच होता, आणि त्याच्यासमोर तांब्या धरला होता.

एकदा मी पांचूच्या आईला विचारलं, "मी राहू दे म्हणालो तेव्हा तुला काय वाटलं?" ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय वाटायचं, बाबू. तुम्ही म्हणालात राहू दे, मी राहू दिलं. दीदी असत्या तर त्यांनी विचारलं असतं काय वाटलं म्हणून. आज तुम्ही विचारताय, बरंय." आणि खवले झाडून टाकले.

श्रीरामपूरचे खिळे मागच्या आठवड्यात आले. स्वच्छ, धारदार, अजून शाई न लागलेले. गुहंना मी माझ्याकडचा ठशाचा कागद नेऊ दिला नाही. त्यांना तशी त्याची गरजही उरलेली नाही, ब्लॉकवाल्याने टाच भरून दिली, मी छापलेलं चित्र पाहिलं, सुरेख आहे, देवीची पावलं असावीत तशी. माझा कागद कपाटात आहे. फाडायला तीनदा काढला. त्यात तिचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब दिसतं, उजव्या चवड्यावरची भेग दिसते, आणि खळग्याच्या जागी कोरा कागद दिसतो. तिच्या पायांची एवढीच खूण माझ्याकडे आहे, आणि ती त्याच रंगात आहे. तो कागद मी कुठे छापणार नाही. तो पुन्हा कपाटात ठेवला. तिची बारा पानं मात्र मी स्वतः जुळवायला घेतली. पातळ पुस्तिका, मुखपृष्ठावर फक्त तिचं नाव आणि लेखाचं नाव, चित्र नाही, पदवी नाही. रविवारी संध्याकाळी शोकसभा आहे. स्मारकग्रंथ तिथे वाटायचा आहे, एका न्यायमूर्तींच्या हस्ते. मी नेहमीच्या जागी, दरवाज्यापाशी बुटांजवळ बसेन आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ही पुस्तिका देईन. पत्रकं आणलीत का, असं कुणी विचारलं तर या खेपेला हो म्हणेन.

लेख जुळवून झाला. एकही वाक्य तोडलं नाही, जिथे बसेना तिथे ओळ मोठी केली आणि कागद मोठा घेतला. शेवटी माझी एक टीप घालायची ठरवली आहे. तिला न विचारता तिच्या लेखाखाली मी आजवर एक अक्षर घातलेलं नाही, पण हे तिच्या लेखाचंच उरलेलं आहे. स्मारकग्रंथातल्या चित्रात डाव्या टाचेचा खळगा भरलेला आहे, ही पहिली ओळ. अळता समितीच्या बायकांनी लावला, ही दुसरी. तो माझ्यासमोर ओला होता आणि तो पुसायचं काम तिने मला सांगून ठेवलं होतं, ही तिसरी. पुसू का असं घरातल्या बाईने मला विचारलं, ही चौथी. चारही ओळी नव्या खिळ्यांत नीट उठल्या आहेत. बायकांचं नाव यावं तिथे हात जरा जास्तच भरभर चालला, हेही मी पाहिलं.

आज शुक्रवार. मघाशी पांचूची आई खाली माझ्या छापखान्यात चुरमुरे आणि चहा घेऊन आली. केसच्या कडेवर वाटी ठेवली आणि माझ्या हातातल्या स्टिककडे बघितलं. तिला वाचता येतं, दीदीनेच शिकवलं, पण उलटं वाचता येत नाही.

"झालं का, बाबू?"

"एक ओळ राहिलीय."

"काल पण एकच राहिली होती."

ती वर गेली. चहा निवला. केस माझ्यासमोर आहे, कुठल्या घरात कुठलं अक्षर ते डोळे मिटूनही माझ्या बोटांना माहीत आहे. पाचव्या ओळीत, मी तिला काय उत्तर दिलं ते यायचं आहे. दोन शब्दांची ओळ आहे. ती जुळवायची राहिली आहे.